उलटं टांगलेलं तळं

भिंतींना रंग देऊन झाला, सामान आपापल्या जागी गेलं आणि बाहेरच्या खोलीतलं तळ्याचं चित्रही पुन्हा खिळ्यावर चढलं. तीन डोंगर, पुढे निवांत पाणी, पाण्यात तेच तीन डोंगर. अकरा दिवसांनी मावशी आली. चपला काढता काढताच म्हणाली, “तळं वर का टांगलंय रे?”

चित्र उलटं होतं. फ्रेमवाल्याने वर आणि खाली दोन्हीकडे कड्या ठोकून ठेवल्या होत्या, हा त्याचा गुन्हा. अकरा दिवस कुणालाच काही वाटलं नाही, हा आमचा. चित्रकाराची सहीसुद्धा वरच्या कोपऱ्यात डोकं खाली करून लोंबत होती. पण ती सही सरळ असतानाही आम्ही कुठे वाचली होती?

“तुला कसं कळलं?”

“खालचा डोंगर जास्त उजळ आहे. पाणी कधी डोंगराहून उजळ असतं का?”

मला उत्तर देता येईना, म्हणून पुस्तकं उघडली. मावशीचं बरोबर होतं. सरळ खाली पाहिलं तर पाणी जेमतेम २ टक्के प्रकाश परत पाठवतं. नजर तिरकी होत जाईल तसं जास्त, पण घेतलं तेवढं सगळं परत केलं असं सहसा होत नाही. म्हणून बर्फाचं शिखर पाण्यात मळकं दिसतं. काळाकुट्ट खडक मात्र थोडा फिकट दिसतो, कारण पाण्याचा स्वतःचा रंग त्यात मिसळतो. त्याहून गंमत म्हणजे, प्रतिबिंब ही डोंगराची नक्कल नसतेच. आपला डोळा पाण्याच्या जितका वर, तितकाच पाण्याखाली नेऊन तिथून डोंगराकडे पाहिलं तर जे दिसेल, ते उलटं होऊन समोर येतं. जवळच्या टेकडीमागून डोकावणारं शिखर त्यामुळे पाण्यात चक्क गायब होऊ शकतं. वरचा कागद घडी घालून खाली छापणारा चित्रकार इथेच पकडला जातो.

आमची लाज थोडी कमी झाली ती १९६१ मधला एक किस्सा वाचून. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये हेन्री मातिसची कागद कापून केलेली शिडाची होडी ४७ दिवस उलटी टांगलेली होती. होडी आणि तिचं प्रतिबिंब, एवढाच विषय. हजारो लोक समोरून गेले. शेवटी एका प्रेक्षक बाईंना शंका आली: मुख्य आकार खाली आणि साधा वर, असं कोणता चित्रकार करेल? म्हणजे त्यांचीही एक मावशी होतीच.

स्वित्झर्लंडच्या फर्डिनांड होडलरने मात्र हा घोळ जाणूनबुजून घातला. पोरवयात तो थून गावात, प्रवाशांना विकायची निसर्गदृश्यं रंगवणाऱ्याच्या हाताखाली शिकला. पुढे १९०५ च्या सुमारास त्याच थून सरोवराची चित्रं त्याने अशी काढली की डोंगर आणि प्रतिबिंब तराजूच्या दोन पारड्यांसारखे. एकाच आकाराची पुनरावृत्ती हीच निसर्गातली शिस्त, असं तो मानायचा आणि त्याला ‘पॅरललिझम’ म्हणायचा. हे चित्र उलटं टांगलं असतं तर मावशीला दोन मिनिटं जास्त लागली असती, इतकंच.

१९१८ मध्ये तो आजारी होता. जिनिव्हातल्या घरातून समोरचं सरोवर आणि पलीकडचा माँ ब्लाँ तो पुन्हा पुन्हा रंगवत राहिला. त्याच वर्षी मे महिन्यात गेला. या शेवटच्या चित्रांत डोंगर, पाणी, आकाश हे नुसते आडवे पट्टे उरले आहेत. काहींत अगदी खालच्या कडेला हंसांची रांग आहे. पाणी कुठलं, ते सांगायला तेवढे हंसच पुरतात.

आमच्या चित्रात हंस नाहीत. मावशीदेखतच ते सरळ केलं. तेव्हापासून मला ते उलटं वाटतंय. खालची कडी अजून काढलेली नाही.