गाणी नवीन संगणकावर आली, संग्रह कसा आणायचा?

जुन्या संगणकावरच्या गाण्यांच्या फाइली नव्या संगणकावर नेणे आणि संगीताचा संग्रह नेणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले काम वेळखाऊ असले तरी सरळ आहे. फोल्डर उचलायचा आणि दुसऱ्या डिस्कवर ठेवायचा. परंतु कोणते गाणे संग्रहात कधी आले, ते किती वेळा ऐकले, त्याला किती तारे दिले, कोणत्या यादीत कोणत्या क्रमाने लावले, ही माहिती गाण्याच्या फाइलीत सहसा नसते. प्लेअर ती स्वतःच्या एका वेगळ्या, तुलनेने अगदी लहान फाइलीत साठवतो. ती फाइल हाती लागली नाही तर सगळी गाणी असूनही संग्रह गेलेला असतो. म्हणूनच गाण्यांच्या आधी ती शोधावी, असे माझे ठाम मत झाले आहे.

माझा संग्रह २०१२ सालच्या एका मॅकबुक प्रोवर ॲपलच्या आयट्यून्स या प्लेअरमध्ये वाढला. त्यातला एक भाग सीडीवरून उतरवलेला, एक भाग विकत घेतलेला, आणि मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग बाबांच्या कॅसेटींचा आहे. ऐंशीच्या दशकात बाबांनी टू-इन-वनवर आकाशवाणीचे कार्यक्रम मुद्रित करून ठेवले होते. गावच्या भजनी मंडळाची काकड आरती, आत्याने म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या हेही त्या कॅसेटींवर आहे. या सगळ्या बाजू मी ऑडॅसिटी हे ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर वापरून संगणकावर घेतल्या होत्या. भीमसेन जोशी किंवा माणिक वर्मा यांचे गायन आज मोबाइलवर सहज ऐकता येते, तेव्हा स्वतःचा संग्रह सांभाळण्याची यातायात कशासाठी, असे मला विचारले जाते. आत्याच्या ओव्या कोणत्याही ॲपवर मिळणार नाहीत, एवढे उत्तर मला पुरेसे वाटते.

मॅकबुकचा मदरबोर्ड निकामी झाला, पण डिस्क शाबूत होती. ती काढून यूएसबी केसिंगमध्ये बसवली, तरी नव्या विंडोज लॅपटॉपला ती वाचता येईना, कारण मॅकची जुनी एचएफएस प्लस ही फाइल-व्यवस्था विंडोजला आपली आपण समजत नाही. भाचीच्या मॅकला ती डिस्क जोडून सगळा आयट्यून्स फोल्डर मॅक आणि विंडोज दोन्हींना वाचता येणाऱ्या एक्सफॅट स्वरूपाच्या दुसऱ्या डिस्कवर घेतला, आणि तिथून तो लॅपटॉपवर आला. या मार्गाने आलेल्या फोल्डरात प्रत्येक गाण्याशेजारी टिंब आणि अधोरेषेने सुरू होणारी, त्याच नावाची, काही किलोबाइटची एक फाइल दिसते. मॅक स्वतःची जादा माहिती अशा डिस्कवर त्या रूपात लिहून ठेवतो. विंडोजवरचा प्लेअर या फाइलींनाही गाणी समजून उघडायला जातो, म्हणून त्या आधीच काढून टाकलेल्या बऱ्या.

आयट्यून्सच्या फोल्डरात संग्रहाच्या दोन नोंदी असू शकतात. आयटीएल प्रकारची फाइल ही मूळ नोंद असते आणि ती फक्त आयट्यून्सलाच नीट वाचता येते. दुसरी एक्सएमएल स्वरूपातली प्रत असते आणि ती साध्या मजकुराची असल्यामुळे कोणीही उघडून वाचू शकते. पूर्वी ही प्रत आपोआप तयार होत असे. पुढच्या आवृत्त्यांत मात्र ती हवी असल्यास प्रगत पर्यायांत जाऊन इतर ॲप्लिकेशनांना एक्सएमएल देण्याची परवानगी द्यावी लागते. माझ्याकडे ती परवानगी चालू होती. ज्यांचे जुने यंत्र अजून चालते आहे त्यांनी आजच ते तपासून घ्यावे. नव्या संगणकावरही आयट्यून्सच वापरायचे असेल तर मार्ग आणखी सोपा आहे. विंडोजवर शिफ्ट आणि जुन्या मॅकवर ऑप्शन हे बटण दाबून धरून आयट्यून्स सुरू केले की ते कोणता संग्रह उघडायचा हे विचारते. मला मात्र आयट्यून्स सोडायचे होते. मॅकवर तर २०१९ साली मॅकओएसच्या कॅटालिना आवृत्तीबरोबर त्याचे म्युझिक, टीव्ही आणि पॉडकास्ट असे तुकडे झालेच होते. आयट्यून्सची एक्सएमएल नोंद आत घेऊ शकणारा म्युझिकबी हा प्लेअर मी निवडला.

ती एक्सएमएल फाइल मी प्रथम टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून शांतपणे वाचली, आणि तो वेळ सर्वांत सत्कारणी लागला. प्रत्येक गाण्याचा त्यात एक परिच्छेद असतो. नाव, कलाकार, अल्बम, बाइटमधला आकार, मिलिसेकंदांतली लांबी, संग्रहात आल्याची तारीख, किती वेळा वाजले तो आकडा, शेवटचे कधी वाजले ती वेळ, आणि एका ताऱ्याला २० याप्रमाणे शंभरपर्यंत जाणारे गुण, हे सगळे त्यात असते. शेवटी त्या फाइलीचा डिस्कवरचा संपूर्ण पत्ता येतो. याद्या फाइलीच्या तळाशी असतात आणि त्यांत गाण्यांचे केवळ क्रमांक लिहिलेले असतात. म्हणजे पत्ते तेवढे नव्या जागेचे केले, की बाकीची नोंद जशीच्या तशी उभी राहायला हरकत नाही. मूळ फाइल बाजूला ठेवून तिच्या प्रतीत मी जुन्या पत्त्यांचा सुरुवातीचा सामाईक भाग एकाच वेळी सर्वत्र बदलला आणि ती प्रत म्युझिकबीला दिली.

बहुतेक गाणी आली. जी आली नाहीत त्यांचे दोन गट पडत होते.

पहिल्या गटातल्या पत्त्यांची सुरुवातच निराळी होती. मॅकवर बाहेरून जोडलेल्या डिस्कवरच्या फाइलींच्या पत्त्यात ‘व्हॉल्यूम्स’ हा शब्द आणि त्यापुढे त्या डिस्कचे नाव येते. कॅसेटवरून घेतलेल्या काही बाजू मी आयट्यून्सच्या फोल्डरात न आणता बाहेरच्या डिस्कवरूनच वाजवत असे, कारण वेव्ह ही न आकसलेल्या ध्वनीची फाइल दर मिनिटाला सुमारे १० मेगाबाइट जागा खाते आणि ९० मिनिटांची एक कॅसेट जवळजवळ एक गिगाबाइटपर्यंत जाते. कपाटातल्या सारख्याच दिसणाऱ्या डिस्कांपैकी नेमकी कोणती जोडायची, हे मला त्या पत्त्यांनी सांगितले. जुना संगणक चालू असताना आयट्यून्समध्ये ‘कन्सॉलिडेट फाइल्स’ हा पर्याय वापरला तर इकडे तिकडे विखुरलेल्या सगळ्या फाइलींच्या प्रती एका फोल्डरात जमा होतात. निघण्यापूर्वी एवढे करून ठेवणे उत्तम.

दुसरा गट पाहून मी चक्रावले. नाव बरोबर, फोल्डर बरोबर, फाइल डोळ्यांसमोर दिसते आहे आणि प्लेअर म्हणतो की फाइल नाही. त्या सगळ्या नावांची यादी एकाखाली एक लावल्यावर प्रत्येकात एकच अक्षर सापडले, ते म्हणजे ‘ऱ’. वाऱ्यावर, किनाऱ्याला, ताऱ्यांनी, साऱ्या, असे शब्द ज्या ज्या नावात होते ती ती फाइल हरवलेली होती. कारण असे की युनिकोड या संगणकावरच्या अक्षरांच्या सामाईक संकेतात हे अक्षर दोन प्रकारे लिहिता येते. एकतर ‘ऱ’ हे एकसंध चिन्ह म्हणून, किंवा साधा ‘र’ आणि त्यानंतर खालचा नुक्ता, म्हणजे टिंब, अशी दोन चिन्हे म्हणून. वाचणाऱ्याला दोन्ही सारखीच दिसतात. एचएफएस प्लस फाइलीचे नाव साठवताना अशा अक्षरांची फोड करून ठेवते, त्यामुळे आयट्यून्सने एक्सएमएलमध्ये लिहिलेले पत्ते फोड केलेले होते. नव्या डिस्कवर पोचलेल्या फाइलींच्या नावांत मात्र ते अक्षर जोडलेले होते. विंडोज नावांची तुलना करताना ही दोन रूपे एक मानत नाही. फ्रेंच किंवा जर्मन गाण्यांच्या बाबतीत स्वरांवरच्या चिन्हांमुळे हाच घोटाळा होतो हे मी वाचले होते, पण मराठीतल्या या एका अक्षरावर तो येईल अशी कल्पना नव्हती.

उपाय फार अवघड नव्हता. पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत युनिकोडची रूपे एकसारखी करणारी सोय मुळातच असते. तिच्या मदतीने नोंदीतला पत्ता आणि डिस्कवरचे नाव ही दोन्ही एकाच रूपात आणून जुळवली, आणि जिथे जुळली तिथे डिस्कवरचे नाव जसेच्या तसे पत्त्यात लिहिले. फाइलींची नावे बदलण्यापेक्षा पत्ते बदललेले चांगले, कारण त्यामुळे मूळ वस्तूला हात लागत नाही. खात्री करून घेण्यासाठी नोंदीतला बाइटमधला आकार प्रत्यक्ष फाइलीच्या आकाराशी ताडून पाहिला. दोन निरनिराळ्या मुद्रणांचा आकार अगदी बाइटपर्यंत सारखा असणे क्वचितच घडते, म्हणून ही खूण भरवशाची आहे. सुधारलेली प्रत पुन्हा आत घेतल्यावर ओव्यांची यादी तिच्या मूळ क्रमाने समोर आली तेव्हा मला अतिशय आनंद झाला. तो क्रम आत्यानेच शेजारी बसून सांगितलेला होता, आणि त्या एका यादीशिवाय तो कुठेही लिहिलेला नव्हता.

एक गोष्ट आली नाही. आयट्यून्सच्या स्मार्ट याद्या नियमांवर चालतात. उदाहरणार्थ, तीनपेक्षा कमी तारे असलेल्या बाजू एकत्र करून मी ‘सफाई बाकी’ अशी यादी ठेवली होती. एक्सएमएलमध्ये हे नियम माणसाला वाचता येणार नाहीत अशा सांकेतिक रूपात असतात. त्यामुळे नव्या ठिकाणी यादीतली गाणी तेवढी येतात, नियम पुन्हा लिहावा लागतो. अशा याद्या मोजक्याच असल्याने त्या हाताने केल्या. विकत घेतलेल्या गाण्यांचाही त्रास झाला नाही. आयट्यून्स स्टोअर भारतात डिसेंबर २०१२ मध्ये सुरू झाले आणि तोवर तिथल्या गाण्यांवरची, नक्कल रोखणारी कुलुपे निघालेली होती.

हे काम हातात होतेच, तेव्हा नावांचीही डागडुजी केली. ‘पं. भीमसेन जोशी’, ‘पंडित भीमसेन जोशी’ आणि नुसते ‘भीमसेन जोशी’ हे प्लेअरच्या लेखी तीन गायक असतात. दुसरा प्रकार अधिक फसवा आहे. काही जुन्या कळफलकांवर ‘ऱ्य’ हे जोडाक्षर साधा ‘र’ आणि न दिसणारे जोडचिन्ह वापरून टंकले जात असे, आणि रूपे एकसारखी करणारी पायथॉनची ती सोय यावर चालत नाही. त्यामुळे एकच अल्बम दोन ठिकाणी दिसतो आणि शोध घेतला तर अर्धाच सापडतो. हा बदल शोधून काढून सगळीकडे एकच रूप केले.

यापुढे तारे आणि टिपणे केवळ प्लेअरच्या नोंदीवर सोडायची नाहीत, असे मी ठरवले आहे. एमपी३ फाइलीच्या आयडी३ टॅगमध्ये, म्हणजे फाइलीतच असलेल्या माहितीच्या कप्प्यात, गुणांसाठी स्वतंत्र जागा असते आणि म्युझिकबी तिथे गुण लिहू शकतो. कॅसेटींच्या वेव्ह फाइली मी फ्लॅकमध्ये बदलत आहे. त्यात ध्वनीचा कणही कमी होत नाही, आकार बराच घटतो, आणि फ्लॅकचे टॅग युटीएफ-८ या युनिकोडच्या स्वरूपात असल्याने देवनागरी मजकूर सुरक्षित राहतो. प्रत्येक बाजूच्या टिपणात कॅसेटच्या वेष्टनावर बाबांनी शाईने लिहिलेला मजकूर मी अक्षरशः उतरवून घेते आहे. केंद्राचे नाव, तारीख, आणि मध्येच वीज गेली असेल तर तेही. निम्म्याहून अधिक कॅसेटींचे हे काम झाले आहे. राहिलेल्यांपैकी काहींवरची शाई उडाली आहे, आणि त्यांच्या तारखा निवेदकाच्या बोलण्यावरून लावाव्या लागतील.