गव्हाएवढा पुढं, तांदळाएवढा मागं

जादूगार पोरांच्या कादंबऱ्यांत मोठी माणसं ऐन वेळी गायब असतात. कुणी शापानं झोपलेलं, कुणी परराज्यात अडकलेलं. कोल्हापुरात लेखकाला एवढी खटपट करावीच लागणार नाही. मे महिन्याची दुपार आणि ताटात तांबडा-पांढरा, की दोनच्या आत अख्खं घर आडवं. पोरांनी खुशाल राज्यं वाचवावीत.

सुट्टीला जमलेली आमच्या घरातली पोरं सध्या असलीच एक मालिका वाचतायत. चार जादूगार भावंडं, त्यांत सख्खं कुणीच नाही, आणि वाड्यातून काहीतरी नाहीसं झालेलं. प्रत एक आणि वाचणारे तिघं. त्यामुळं पुस्तकात एका वेळी एसटीचं तिकीट, मोरपीस आणि दुमडलेलं पान अशा तीन खुणा. पान दुमडणाऱ्यावर रोज खटला चालतो.

रात्री सगळी झोपली की मीही ते पुस्तक लांबवतो. जादूच्या जगात रहस्य लिहिणं मोठं अवघड काम. मंत्र म्हटला की चोर हजर, मग तपास कसला करणार? म्हणून चांगला लेखक आधी जादूलाच वेसण घालतो. हा मंत्र पाण्याजवळच चालेल, ती काठी खोटं बोलणाऱ्याच्या हातात मुकी. आणि हे आधीच सांगून टाकतो. शेवटच्या प्रकरणात नवाच नियम काढणारा लेखक म्हणजे बाहीत एक्का दडवून पत्ते खेळायला बसलेला गडी.

पण भावंडं चुलत-मावसच का? मला वाटतं, सख्ख्या भावंडांना सगळं सारखंच ठाऊक असतं आणि मित्र दिवे लागले की घरी जातात. चुलत-आते-मावस पोरांची आजी एक, पण घरोघरी हकीकत निराळी. आमच्या वडिलांच्या मोटरसायकलचंच घ्या. आमच्याकडं ती चोरीला गेली; ताईकडं मात्र ती खासबागेतल्या कुस्तीवरच्या पैजेत गेली. गच्चीवर शेजारी शेजारी अंथरुणं पडली आणि दोन्ही हकीकती समोरासमोर आल्या. असले साक्षीदार पोलिसांना कुठून मिळायचे?

तर आता पोरांना स्वतःचं रहस्य हवं होतं. "इथं जादूबिदू काही आहे की नाही?" पुण्याच्या भाच्यानं विचारलं. आई मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "रंकाळ्याकाठचा नंदी हाय की. रोज गव्हाएवढा पुढं सरकतोय, तांदळाएवढा मागं. तळ्याला टेकला की प्रळय."

तिघं उठलीच. डबे उघडले, कंपासपेटीतली पट्टी आली. "मी मोजतो, तू लिही," थोरली म्हणाली. गहू सहा मिलिमीटर भरला. घरातला तांदूळ आजऱ्याचा घनसाळ, तो जरा आखूड. फरक रोजचा एक मिलिमीटर धरला तर वर्षाला 365, म्हणजे फुटाच्या वर. शाहू महाराज 1894 साली गादीवर आले. तेव्हापासूनच मोजलं तरी 45 मीटरच्या पुढं.

"मग नंदी एव्हाना पाण्यात पायजे होता की!" थोरली हबकली.

पुण्याच्यानं शंका काढली, "पण माझी आई तर मागे तीळ सांगते." तिळानं तर प्रळय आणखीच जवळ आला. एवढ्यात शेंडेफळानं बिर्याणीच्या बासमतीचा डबा ओढला. बासमतीचा दाणा गव्हाहून लांब निघाला. म्हणजे नंदी पुढं यायचं सोडून रोज मागंच चाललेला, प्रळय रद्द.

थोरलीला काही हे पटेना. "नंदी कोल्हापूरचा, त्याला बाहेरचा तांदूळ कशाला?" पुण्याचा म्हणाला, प्रयोगात भावना आणायच्या नसतात. शेंडेफळानं तोवर तिन्ही दाणे वहीला चिकटपट्टीनं डकवून खाली तारीख घातली होती. प्रकरण मतदानावर आलं आणि घनसाळ दोन विरुद्ध एकनं हरणार, एवढ्यात आईनं मेथीच्या काड्या सुपात गोळा केल्या.

"तांदूळ कच्चा का शिजलेला, ते इचारलासा काय?"