पार्वतीचं काम

गुरुवार, रात्री साडेदहा

तालमीवरून आत्ताच आले. पाय भरून आलेत. ते का, हेच कळत नाही, कारण दीड तास मी नुसती खुर्चीत बसून होते. मंडळाच्या यंदाच्या एकांकिकेत मला आजीचं काम आहे. पक्षाघात झालेली आजी. पडदा उघडल्यापासून पडेपर्यंत रंगमंचावर, आणि वाक्य एकही नाही. संहिता हातात आली तेव्हा सवयीने आधी आपली वाक्यं मोजायला घेतली, तर मोजायला काही नव्हतंच. घरी येऊन कुरकुरले, तर नवरा सेवउसळीतून मान वर न करता म्हणाला, "बरंय की, पाठांतराची कटकट नाही."

सुनेची सासू झाले, सासूची आजी. आता पुढच्या वर्षी भिंतीवरचा हार घातलेला फोटो.

तालमीला जाताना रोज कलाभवनावरून जावं लागतं. सयाजीरावांनी १८९० मध्ये काढलेली ही शाळा, आता विद्यापीठाच्या इंजिनीअरिंगची. बाहेर चहाची लारी, दुचाक्यांची गर्दी. इथेच धुंडिराज फाळके फोटोग्राफी शिकले. हे बडोद्यातल्या प्रत्येक मराठी घराला ठाऊक असतं आणि प्रत्येक पाहुण्याला सांगितलं जातं, मीही सांगते. पण या आठवड्यात तिथून जाताना फाळके डोक्यात नसतात. दुर्गाबाई कामत असतात.

३ मे १९१३ ला मुंबईच्या कोरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला, तेव्हा त्यात बाई औषधालाही नव्हती. फाळक्यांनी जाहिराती देऊन पाहिल्या, हातापाया पडून पाहिलं, कुणी येईना. शेवटी हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. (याच साळुंक्यांनी १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता दोघंही केले. स्वतःच्याच विरहात दोन्हीकडून रडायचं, काय सोय आहे!) मग त्याच फाळक्यांच्या पुढच्या चित्रपटात, 'मोहिनी भस्मासुर'मध्ये, दोन बायका एकदम आल्या. तेरा-चौदा वर्षांची कमला मोहिनी झाली आणि तिची आई दुर्गाबाई पार्वती.

कुठेही वाचा, कमलाबाई पहिल्या नायिका. आणि पुढे शेपटासारखं: "त्यांच्या आईनेही यात पार्वतीची भूमिका केली." त्या 'आईनेही'तला 'ही' मला खटकतो. मुलीला हात धरून कॅमेऱ्यासमोर कुणी नेलं असेल? नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या, पदरात लहान मूल घेऊन फिरत्या नाटक कंपनीत शिरलेल्या बाईने ते आधीच ठरवलेलं होतं. तेव्हा नाटकातसुद्धा बायका म्हणजे लुगडी नेसलेले पुरुष. खऱ्या बाईने तोंडाला रंग लावला की तिच्या घराकडे बघायची लोकांची नजर बदलायची. सिनेमा तर त्याहून वाईट समजत.

शिवाय पार्वतीला त्या कथेत करायला काय असतं? वर देतो शंकर. डोक्यावर हात ठेवून भस्म करत सुटतो भस्मासुर. नाचून त्याचा हात त्याच्याच डोक्यावर ठेवायला लावते मोहिनी. पार्वती बाजूला. त्यातून मूकपट. नाटकातल्या बाईची सगळी कमाई गळ्यात, पल्ल्याच्या आवाजात. आणि इथे तो कुणी ऐकणारच नाही. उन्हात उभं राहायचं आणि चेहऱ्याने काय ते सांगायचं.

चेहराही पुरता आपला नाही. तेव्हाच्या फिल्मला लाल रंग दिसतच नसे. लाल ते काळं उमटायचं, निळं ते पांढरट. मी काल माझा एक फोटो मोबाइलवर निळा फिल्टर लावून कृष्णधवल करून पाहिला. कपाळावरचं कुंकू असं काळंभोर झालं की गोळी लागल्यासारखी दिसायला लागले. ओठ शाई प्यायल्यासारखे. पडद्यावर पार्वतीचं कुंकूही असंच उमटलं असणार.

कमलाबाईंचं पुढचं सगळं बऱ्यापैकी माहीत असतं. लग्न रघुनाथराव गोखल्यांशी. पंचविशीतच त्या विधवा झाल्या आणि मुलांना रंगभूमीवर काम करून वाढवलं. बालगंधर्व शालू नेसत होते त्या काळात ही बाई पुरुषांची कामंही करायची, हे मला फार आवडतं. चंद्रकांत गोखले मुलगा, लालजी आणि सूर्यकांत तबल्यात, विक्रम गोखले नातू. १९८० च्या 'गहराई'पर्यंत त्या पडद्यावर दिसल्या. मूकपटात सुरुवात केलेली बाई रंगीत बोलपटात, ऐंशीच्या आसपास. घराणंच म्हणायचं. पण घराण्याचं मूळ ती बाजूला उभी असलेली पार्वती, असं माझं मत. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "तुला आजीचं काम मिळालं म्हणून तू तिची बाजू घेतेस." खरं असेलही.

आज दिग्दर्शक म्हणाला, "ताई, एक हात पूर्ण मेलेला हवा, ठरवा कुठला." मी डावा ठरवला. मांडीवर उताणा ठेवला, बोटं जराशी वळलेली. नात झालेल्या मुलीचं लांबलचक भाषण सुरू झालं, आणि तेवढ्यात एक डास येऊन बरोबर मनगटावर बसला. मी हात हलवला नाही. डासाने निवांत जेवून घेतलं. मुलीची नजर तिथे गेली, एकदा, दोनदा, आणि ती वाक्यच विसरली. प्रॉम्प्टर दोनदा कुजबुजला तरी तिला सुधरेना. ती माझ्या हाताकडेच बघत राहिली, आणि सगळी तालीम थांबून माझ्या हाताकडे बघायला लागली.

चांगलीच गांधी आलीय. उद्या ओडोमॉस न्यायचं लक्षात ठेवायला हवं, पण डाव्या हाताला लावायचं का, ते अजून ठरत नाहीये.