कुरडयांची ट्रंक

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मुलगा एनडीएत, म्हणजे सैन्याधिकारी घडवणाऱ्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, गेल्यापासून मला अधूनमधून फोन येतात. पलीकडे कुणाची तरी आई असते आणि प्रश्न ठरलेला असतो: "निघायची तारीख कळत नव्हती, तेवढे दिवस तुम्ही कसे काढलेत हो?"

वाईट काढले. लोकांना वाटतं मी काहीतरी धीराचं सांगेन.

ज्यांच्या घरात हे झालेलं नाही त्यांना आधी भानगड कळायला हवी. सप्टेंबरात यूपीएससीची लेखी परीक्षा, 900 मार्कांची. मग एसएसबी, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाची मुलाखत आणि चाचण्या, पाच दिवसांची, तीही 900 मार्कांची. आमचा भोपाळला गेला होता. त्यानंतर मेडिकल. या सगळ्यात बारावीची बोर्डाची परीक्षाही उरकायची. एप्रिलमध्ये गुणवत्ता यादी लागते आणि घरात पेढे येतात. खरा त्रास पेढ्यांनंतर सुरू होतो. जागा साधारण 400 आणि यादीत नावं त्याहून कितीतरी जास्त. वरचा कुणी आयआयटीकडे वळला, कुणी मेडिकलमध्ये अडकला, की खालच्याला बोलावणं येतं. आमचा नंबर चारशेच्या जरा पलीकडे. रेल्वेत निदान आरएसी असतं, बसायला तरी मिळतं. इथे जुलैत कोर्स सुरू होणार हे माहीत, पण त्यात आपला मुलगा असणार का, आणि असला तर हजर कधी व्हायचं, हे मेल आल्याशिवाय कळत नाही.

आम्ही राहतो पुण्यातच, एनडीएच्या जवळ, वारजे माळवाडीला. 'एनडीए गेट' अशी पाटी लावलेली पीएमपीची बस आमच्या स्टॉपवरून जाते. नागपूरच्या एका बाईंनी दोन वेगवेगळ्या तारखांची तिकिटं काढून ठेवली होती, त्यांचं मी समजू शकते. आम्हाला तिकीटही काढायचं नव्हतं, फक्त वाट बघायची होती, आणि तेवढंच जमत नव्हतं.

पहिली चूक माझी. यादी लागल्याच्या आठवड्यात मी बोहरी आळीतून काळी पत्र्याची ट्रंक आणली. पेंटरने पांढऱ्या रंगात नाव घातलं आणि विचारलं, "कोर्स नंबर काय टाकू?" म्हटलं, जागा सोडा. ती मोकळी जागा हॉलमध्ये दीड महिना माझ्याकडे बघत होती. शेवटी सासूबाईंनी ट्रंक गॅलरीत ओढली, वर जुनं धोतर पसरलं आणि कुरडया घातल्या. मी चिडले. त्या म्हणाल्या, "ऊन आत्ता आहे. तुझं पत्र येईल तेव्हा येईल."

दुसरी चूक सगळ्यांची. आम्ही त्याला तीन वेळा निरोप दिला. मे महिन्यात सोसायटीने शाल-नारळ दिला, भाषणंही झाली. मग साताऱ्याला आत्याने पुरणपोळ्या करून ओवाळलं, रडारड झाली. मग मित्रांनी खडकवासल्याच्या चौपाटीवर कणसं खाऊन फोटो काढले. एवढं करून स्वारी घरातच. दूध आणायला खाली उतरला की कुणीतरी विचारणारच, "अरे, तू अजून इथेच?" विचारणाऱ्याच्या मनात काही नसतं, पण तो मागच्या जिन्याने जायला लागला. एकदा केस अगदी बारीक कापून आला होता. ते पुन्हा वाढले, कपाळावर आले, तेव्हा कुणीच काही बोललं नाही.

घरात मेल तपासायचं वेगळंच नाटक. रोज रात्री नऊला एकदाच बघायचा, असा नियम आमच्या ह्यांनी केला आणि पहाटे पाचला स्पॅम उघडून बसलेले तेच सापडले.

आणि मी? मी त्याला कामं सांगणं सोडून दिलं होतं. दळण संपलं होतं, मीच डबा उचलला. तो म्हणाला, "दे, मी जातो." मी म्हटलं, "राहू दे रे, थोडेच दिवस आहेस." त्याने डबा माझ्या हातातून जवळजवळ हिसकावला. "आई, मी अजून गेलेलो नाहीये. आणि गेलोच नाही तर काय करशील?"

गिरणीतून आला तेव्हा भुवयांवर पीठ होतं. त्या दिवसापासून दळण, गॅसचा नंबर लावणं, आजीला बँकेत नेणं, सगळं त्याच्याकडे परत दिलं. एफवाय बीएस्सीची फीसुद्धा भरली, त्याच्याच हाताने. नंतर कॉलेजने त्यातली निम्मीच परत केली. ते पैसे मला आजही टोचतात, पण भरले हे बरंच केलं असं वाटतं. "न झालं तर काय" याचं उत्तर घरात पावतीच्या रूपात होतं, आणि मुलगा त्यानंतर जेवायला लागला. तुम्ही फी भरताना रद्द केल्यास किती कापतात, तेवढं मात्र आधी विचारून घ्या.

पत्र आलं ते पालख्या पुण्यात होत्या तेव्हा. वारीचा मुक्काम कुठल्या दिवशी कुठे, हे किती आधी ठरलेलं असतं, हा विचार त्या महिन्यात मी रोज केला होता. मेल बघितला सासूबाईंना बँकेत घेऊन गेलेल्या मुलानेच, तिथल्या रांगेत. सामानाची यादी लांबलचक आणि हातात सहा दिवस. शहरात अर्धे रस्ते बंद. पेंटर वारकऱ्यांना जेवण वाढायला गेलेला, म्हणून कोर्सचा नंबर ह्यांनी स्वतः रंगवला. शेवटचा आकडा जरा खाली घसरलाय.

ट्रंक आतून दोनदा पुसली, तरी कोपऱ्यात कुरडयांचा चुरा राहिलाच. गेटवर काय झालं ते सांगत नाही, सगळ्यांचं होतं तेच झालं.

हां, एक राहिलं. गॅसची नोंदणी मुलाच्या मोबाईलवर असेल तर तो नंबर आधी बदलून घ्या. तो गेला त्याच आठवड्यात सिलिंडरवाला दारात उभा राहून ओटीपी मागत होता आणि चिरंजीवांचा फोन बंद.