फॉरमॅट विचारलं तर ‘रद्द करा’

हार्ड डिस्क जोडली आणि विंडोजने ‘वापरण्यापूर्वी फॉरमॅट करा’ असं म्हटलं, तर ‘रद्द करा’ दाबा. लग्नाचे फोटो, दुकानाचं टॅली बहुतेक वेळा जागेवरच असतं. बिघडलेली असते ती त्याची यादी. विंडोजचं डिस्क तपासणारं चेकडिस्कही चालवू नका. ते दुरुस्तीच्या नावाखाली त्याच डिस्कवर लिहितं आणि अर्धवट फायली कापून टाकतं.

आधी आवाज ऐका. डिस्क टेबलावर स्थिर ठेवा, कान जवळ न्या. टक-टक येत असेल तर पहिला संशय करंटवर घ्या. लहान पोर्टेबल डिस्कला सुरू होताना एक अँपिअरच्या आसपास लागतात, जुना यूएसबी पोर्ट अर्धाच देतो. हब काढा, आखूड वायरने पीसीच्या मागच्या पोर्टला थेट लावा. तरीही टक-टक राहिली तर बहुधा हेड, म्हणजे डेटा वाचणारा भाग, गेलंय. वीज काढा, पुन्हा लावून बघू नका, कारण प्रत्येक फेरीत तबकडी, म्हणजे डेटा साठवणारी चकती, खरवडली जाऊ शकते. घरात झाकण उघडायचं तर नावच नको. हेड तबकडीवरून काही नॅनोमीटरवर तरंगतं, धुळीचा कण त्यापुढे डोंगर असतो.

आवाजच नसेल तर सर्किट बोर्ड बघा. १२ व्होल्टच्या डिस्कला चुकून लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अडॅप्टर लागतो, पिन बसते ना! तेव्हा वीज येते तिथला छोटा टीव्हीएस डायोड शॉर्ट होऊन बाकीचा बोर्ड वाचवतो. मल्टिमीटरवर तो शून्य ओहमच्या जवळ दाखवेल. तो बोर्डावरून काढला की डिस्क अनेकदा फिरते, पण त्यानंतर संरक्षण उरत नाही. डेटा काढण्यापुरतीच वापरा. पावसाळ्यातल्या दमट हवेत आणखी एक होतं: बोर्ड उलटा केला की हेडला जोडणारे चकचकीत ठिपके काळपट पडलेले दिसतात. शाळेतल्या खोडरबरने हलके घासा, चुरा झटका, बोर्ड परत बसवा. त्याच मॉडेलचा दुसरा बोर्ड नुसता लावून चालत नाही. जुन्या बोर्डावरची आठ पायांची रॉम चिप, जिच्यात त्याच डिस्कची खास माहिती असते, बहुतेक वेळा सोबत न्यावी लागते.

डिस्क नीट फिरते पण विंडोज तिला ‘रॉ’, म्हणजे यादी न कळलेली, दाखवते, हे काम मात्र घरी जमतं. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये सी५ या ओळीचा आकडा शून्य नसेल तर न वाचता येणारे सेक्टर, म्हणजे डिस्कचे छोटे कप्पे, तयार झालेत. अशा डिस्कवर फायली शोधत बसू नका. तिचं उरलेलं आयुष्य पूर्ण प्रत काढण्यात खर्च करा. सिस्टमरेस्क्यू ही लिनक्स प्रणाली पेनड्राइव्हवरून चालू करा, मूळ डिस्कपेक्षा मोठी चांगली डिस्क जोडा, आणि तिच्यातल्या डीडीरेस्क्यूने त्या डिस्कवर इमेज फाइल, म्हणजे मूळ डिस्कची जशीच्या तशी प्रत, बनवा. लक्ष्य डिस्क फॅट३२ नको, तिथे ४ जीबीच्या वर फाइल मावत नाही. कोणती डिस्क मूळ आणि कोणती लक्ष्य, हे आकार आणि सिरियल नंबर बघून कागदावर लिहा. इथे उलटापालट झाली तर भरपाई नाही.

डीडीरेस्क्यूची पहिली फेरी ‘नो-स्क्रेप’ पर्यायाने. चांगला भाग आधी येतो, अवघड जागा मागे राहतात. नंतर कुठवर वाचलं याची नोंद ठेवणाऱ्या त्याच मॅपफाइलवर तीन वेळा रिट्राय, म्हणजे पुन्हा प्रयत्न. मॅपफाइल असली की लाइट गेली तरी थांबल्या जागेपासून काम पुढे जातं. सेकंदाला १०० एमबी धरले तर १ टीबीला पावणेतीन तास लागतात. खराब डिस्कला दिवस लागू शकतात. एप्रिल-मेच्या दुपारी शेजारी पंखा ठेवा. डिस्क ५० अंशांच्या वर गेली तर थांबवा.

मूळ डिस्क बाजूला ठेवा. इमेजवर टेस्टडिस्क हे विभाग शोधणारं साधन चालवा. एनटीएफएस, म्हणजे विंडोजची फायली मांडायची पद्धत, आपल्या बूट सेक्टरची (विभागाच्या पहिल्या कप्प्याची) प्रत विभागाच्या शेवटी ठेवतं, ती सापडली तर फोल्डर नावांसकट येतात. नाही जमलं तर फायली त्यांच्या खुणांवरून शोधणारं फोटोरेक. पण त्यात फायली येतात, मूळ नावं नाहीत.

२०१९ आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी कोल्हापूर शहरात शिरलं, तसं पाणी डिस्कला लागलं तर तांदळात ठेवू नका, उन्हात वाळवू नका. साध्या डिस्कला हवेचं बारीक भोक असतं, गाळ आत जातो आणि वाळला की तबकडीला चिकटतो. ओली आहे तशी पिशवीत बंद करून लॅबला द्या, चालू करायची नाही. तबकडी नसलेल्या, चिपवर साठवणाऱ्या एसएसडीतून पुसलेलं परत येणं अवघड, ट्रिम (पुसलेली जागा रिकामी करणारी सोय) चालू असेल तर बहुधा येतच नाही.

शेवटी फायली तपासताना लहान चित्रावर विसंबू नका. फोटोतली छोटी प्रत वेगळी साठवलेली असते, ती शाबूत आणि मोठा फोटो खालून करडा, असं होतं. ग्राहकाला देण्याआधी प्रत्येक फोटो पूर्ण आकारात उघडा आणि करड्या निघालेल्यांची नावं वेगळी लिहून ठेवा.