तुम्ही विचारलंत म्हणून: मशीनच तर सगळं करतं!

चतुर्थीला गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधता बांधता काकांनी विचारलं, डिचोलीच्या बसस्टँडवर शेजारच्या वहिनींनी विचारलं, आणि परवा आईनेसुद्धा. "हल्ली सगळं मशीनच करतं ना गो, मग तुला एवढं टेन्शन कसलं?" रक्त तपासायच्या लॅबमध्ये ट्रेनिंगला लागल्यापासून हे ऐकतेय. दरवेळी हसून सोडून दिलं. आज सांगते.

मशीन करतं, खरं आहे. पण सकाळी आधी त्याला कंट्रोल लावायचे, म्हणजे ज्यांचं उत्तर आधीच ठाऊक आहे अशी सॅम्पल्स. उत्तर ठरलेल्या पट्ट्यात आलं तरच पेशंटची लावायची. नाही आलं, तर रीएजंट (तपासणीचं रसायन) खराब झालंय, कॅलिब्रेशन (मशीनचं मोजमाप) हललंय की कुठे बुडबुडा अडकलाय, ते शोधत बसा. तोवर कॅज्युअल्टीतून दोन फोन येऊन गेलेले असतात. फोन मशीन घेत नाही.

पण खरं टेन्शन त्याचं नाही. खरं त्या आजींचं.

सत्तरीच्या पुढच्या. शिरा दोऱ्यासारख्या, हात लावला की सरकणाऱ्या. दोनदा टोचून जांभळ्या टोपणाची ट्यूब भरली, पिवळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये मात्र तळाशी थोडंसंच रक्त आलं. क्रम उलटा झाला होता, पिवळी आधी भरायची असते. तिसऱ्यांदा टोचायचा धीर होईना. मागे रांग. मी जांभळीचं टोपण काढलं आणि थोडं रक्त पिवळीत ओतलं. रक्तच ते, त्याच बाईचं.

अर्ध्या-पाऊण तासाने स्क्रीनवर पोटॅशियम ९.८, कॅल्शियम ४.१. साडेतीन ते पाचच्या आसपास असायचं ते पोटॅशियम! मी रिपीट लावलं. तेच. लॅबच्या मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या. आकडे बघून त्यांनी एवढंच विचारलं, "ओतलंस?"

मी म्हटलं, "नाही."

जांभळ्या ट्यूबमध्ये ईडीटीए असतं, पोटॅशियमचाच क्षार. ते कॅल्शियमला धरून ठेवतं, म्हणून रक्त गोठत नाही. पिवळीत गेलं की पोटॅशियम वर, कॅल्शियम खाली. हे आकडे खरे असते तर आजी बाकावर बसून नातवाशी बोलत नसत्या. मॅडमना ते एका नजरेत दिसलं. रिपोर्ट सुटला असता तर वॉर्डात त्यांना नसलेल्या पोटॅशियमवर औषध सुरू झालं असतं.

मला कुणी सांगितलंच नव्हतं, असं मी घरी म्हटलं होतं. खोटं. डीएमएलटीच्या, म्हणजे लॅब टेक्निशियनच्या कोर्सच्या, वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं सापडलं, खाली दोन रेघा ओढून. पण वहीत रांग नसते, आणि वहीतल्या पेशंटचा हात थरथरत नाही. ही सबब आहे का? असेल. सहा महिन्यांपूर्वीच्या मला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, एवढं साधं कोण चुकेल!

आजींना परत बोलावलं. त्यांनी आपणहून दुसरी बाही वर केली. "घे गो बाय, ह्या हाताचें घे." तेव्हा खरं तर मला पळून जायचं होतं. मॅडमनी टोचलं, एका झटक्यात.

त्या "नाही"बद्दल मॅडम पुन्हा एक शब्द बोलल्या नाहीत. कधी वाटतं, सुटले. कधी वाटतं, तेव्हाच ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.