रेंजशेजारचं शेत आणि 'लष्कराचं पत्र आणा'

आमचं शेत लष्कराच्या फायरिंग रेंजच्या, म्हणजे तोफा-बंदुकांच्या सरावाच्या मैदानाच्या, हद्दीला लागून आहे. सरावाच्या दिवसांत घराच्या काचा थरथरतात, त्याचं आता कुणाला काही वाटत नाही. यंदा मात्र बांधालगत न फुटलेला मॉर्टरचा गोळा दिसला. अर्धा मातीत रुतलेला, गंज चढलेला, मागचे पंखे शाबूत. ११२ ला फोन केला. पोलिसांनी दोरी बांधून सगळ्यांना लांब हटवलं, लष्कराची तुकडी आली आणि गोळा हलवणं धोक्याचं म्हणून जागेवरच उडवून दिला. इथपर्यंत कुणाबद्दल तक्रार नाही. विहिरीचा कठडा तडकला, ठिबकच्या नळ्यांच्या चिंध्या झाल्या. तलाठ्यांनी पंचनामाही वेळेत केला.

मग भरपाईसाठी महसूलच्या टेबलावर गेलो.

बाबूंनी नैसर्गिक आपत्तीचा फॉर्म पुढे केला. कारणाच्या रकान्यात अतिवृष्टी, गारपीट, वीज, आग. म्हटलं, यात तोफगोळा कुठे बसतो? "इतर वर खूण करा." केली. पुढच्या खेपेला तोच फॉर्म परत, कारण गोळा नैसर्गिक आपत्तीत येत नाही! आता म्हणे लष्कराचं पत्र आणा. छावणीच्या गेटवर नाव लिहून बसलो. तिथले साहेब सभ्यपणे बोलले, पण आम्ही परस्पर माणसाच्या हातात पत्र देत नाही, महसूलनं मागवावं, एवढंच उत्तर. परत टेबलावर आलो तर "आम्ही कशाला मागवू? नुकसान तुमचं झालंय." टोलवाटोलवीत चेंडूचे जे हाल होतात ते माझे झाले. भाऊ म्हणाला, सोड, कठडा आपणच बांधू. मला मात्र ते 'इतर' डोक्यातून जाईना.

शेवटी ओळखीच्या वकिलांनी १९३८ चा कायदा काढून दिला. लष्करी कवायती, फील्ड फायरिंग, तोफखान्याचा सराव, सगळ्यांसाठी तोच. त्यात भरपाईची तरतूद आहे, आणि नुकसान ठरवायला महसूल अधिकारी नेमायचं काम कलेक्टरांचं आहे. निर्णय पटला नाही तर तो कळल्यापासून १५ दिवसांत अपिलाची नोटीस द्यायची. पण तोंडी 'होणार नाही' वर अपील कशाचं करणार? म्हणून अर्जात एकच ओळ घातली: दावा नाकारत असाल तर कारणासह लेखी कळवा. वर कायद्याची झेरॉक्स, पोचपावतीवर आवक क्रमांक आणि शिक्का, एक प्रत कलेक्टर कचेरीत. लेखी नकारावर सही करायला कुणीच तयार झालं नाही आणि फाइल आपोआप हलली. लष्कराचं पत्रही मग त्यांनीच मागवलं.

पैसे आले. कठडा बांधून झाला, नळ्यांचे निम्मेच धरले होते.

राहिलंच, पंचनाम्यात 'स्फोटामुळे' हा शब्द आहे का ते सही करण्याआधी वाचा. आमच्यात आधी नुसतं 'कठडा नादुरुस्त' होतं.

आणि पोरांना धातूच्या तुकड्यांपासून लांब ठेवा. भंगारवाला पितळेला भाव देतो म्हणून लोक रेंजमध्ये शिरतात. नोव्हेंबर २०१८ मध्ये वर्ध्यात पुलगावजवळ जुना दारूगोळा नष्ट करतानाच स्फोट होऊन माणसं गेली, तीही त्या कामावर असलेली.

सरावाच्या तारखांची नोटीस ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागते, तिचा त्याच दिवशी तारखेसकट फोटो काढा. दाव्याला जोडायला लागतो, आणि फळ्यावरचा कागद चार दिवसांत कुणीतरी फाडतंच.